बाबांचा धोटा, तिचं अक्षर

फळा माझा होता. कागदोपत्री तो शाळेचा असेल, पण एकवीस वर्षं त्यावर खडू चालला तो माझाच. कांदिवलीच्या आमच्या मराठी शाळेत जिना चढायला लागलं की डाव्या हाताला तो दिसतो. वर पांढऱ्या रंगात 'आजचा शब्द' असं कायमचं रंगवलेलं आहे. खाली रोज एक इंग्रजी शब्द आणि तो कुठून आला त्याची चार ओळींची गोष्ट मी लिहीत असे.

दोन शब्द जोडून झालेला शब्द मला विशेष आवडायचा, कारण तो मुलांसमोर उकलून दाखवता येतो. ब्रेकफास्ट म्हणजे रात्रभराचा उपास मोडणं. कपबोर्ड म्हणजे मुळात कपाट नव्हतंच, कप मांडायची नुसती फळी. हे वाचलं की मुलं दिवसभर शेंगा सोलल्यासारखे दिसेल तो शब्द सोलत बसायची. सकाळच्या शाळेने शब्द वाचायचा, दुपारच्या शाळेने वाचायचा आणि शेवटची घंटा झाली की मी स्वतःच्या हाताने तो पुसायचा, हा माझा नियम होता. शिळा शब्द फळ्यावर राहता कामा नये, असं मी नव्या शिक्षकांना ऐकवत असे.

मग ती नवी शिक्षिका आली. छत्तीस वर्षांची असेल. विक्रोळीहून दोन बस बदलून यायची आणि तरी प्रार्थनेच्या आधी दहा मिनिटं हजर असायची. तिचं इंग्रजी ऐकलं की वाटायचं, ही या भाषेत भाजी आणायलाही जात असेल. माझं इंग्रजी पुस्तकातून आलेलं, इस्त्री केल्यासारखं. पण तिच्या इंग्रजीपेक्षाही मला छळलं ते तिच्या अक्षराने. गोल, मोकळं, ओळ न आखताही सरळ जाणारं आणि मराठीत जितकं सुंदर तितकंच इंग्रजीत. मी तिच्या वर्गावरून जायचे तेव्हा मान वळवायची नाही असं ठरवायचे, आणि दर वेळी वळवायचे.

मला तिचा हेवा वाटत होता, हे इथे सरळ लिहून टाकते. तेव्हा मी त्याला वेगवेगळी नावं देत होते. हिला अनुभव कमी आहे, ही मुलांना फार सैल सोडते, असं स्टाफरूममध्ये बोलून दाखवत होते. खरी गोष्ट एवढीच होती की आठवीची मुलं शंका विचारायला आधी माझ्याकडे यायची, ती आता तिच्याकडे जायला लागली होती. तिच्या टेबलाभोवती घोळका दिसला की मी उगाच आवाज करून वह्या आवरायचे.

ऑगस्टमध्ये एकदा बाबांना डोळे तपासायला न्यायचं होतं म्हणून मी सकाळची अर्धी रजा घेतली. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, त्या दिवशीचा फळा तिला लिहायला सांगितला. मी साडेअकराला पोचले तेव्हा सकाळची शाळा सुटत होती आणि जिन्यात रेटारेटी चालली होती. तिने गुलाबी खडूने फळाभर एक जाळं काढलं होतं. मधोमध शब्द होता कॉबवेब. खाली लिहिलं होतं की कॉब हे कोळी या किड्याचं फार जुनं नाव, ते नाव लोक विसरून गेले, पण त्याचं जाळं मात्र भाषेत लटकत राहिलं. मुलं त्या जाळ्याच्या धाग्यांवरून हवेत बोटं फिरवत होती. माझ्या कपबोर्डपुढे असं कोणी कधी थांबलं नव्हतं.

सकाळची मुलं गेली आणि दुपारची यायची होती, तेवढ्या वेळात मी तो फळा पुसला. डस्टर स्टाफरूममध्ये होतं. आणायला गेले असते तर कोणीतरी काहीतरी विचारलं असतं, म्हणून पदरानेच पुसला. दुपारच्या मुलांना कोरा फळा दिसला. तिने विचारलं तेव्हा मी म्हटलं की वरून पाणी ठिबकत होतं, सगळं फिसकटलं होतं. तिने वर छताकडे पाहिलं, बरं म्हणाली आणि वर्गावर गेली.

या पापाचं फळ लगेच मिळालं. त्याच महिन्यात मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. माझ्या निवृत्तीला चार वर्षं राहिली आहेत, तेव्हा फळा आता हळूहळू तिच्याकडे द्यावा, असं त्या म्हणाल्या. पुढच्या सोमवारी पालकसभा होती. त्या दिवशीचा शब्द तेवढा मी लिहावा, मग तिला सुरू करू दे. त्या अगदी गोड बोलत होत्या आणि मला समोरचा चहाचा कप ढकलून द्यावासा वाटत होता. मी मनात ठरवलं की सोमवारचा फळा असा लिहायचा की पालकांसमोर मोठ्या बाईंनाच आपला शब्द मागे घ्यावा लागेल.

त्यासाठी शब्द माझ्याकडे तयार होता. एअरलूम. पिढ्यान्‌पिढ्या घरात चालत आलेली वस्तू. एअर म्हणजे वारस आणि लूम म्हणजे माग. माझे वडील गिरणीत सव्वीस वर्षं साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, कापड विणायचे साचे चालवत होते. गिरणी बंद पडली तेव्हा सगळ्यांच्या हाती काही ना काही लागलं, बाबांच्या हाती एक धोटा लागला. काळपट लाकडाचा, दोन वितींचा, दोन्ही टोकांना लोखंडी टोपणं, मध्ये सुताची कांडी बसायची खाच आणि बाजूला एक बारीकसं भोक. मागाच्या या टोकापासून त्या टोकाला सूत नेतो तो हा धोटा. आमच्या घरात तो देवाच्या फळीखाली, काचेच्या कपाटात असतो. गिरणगावातली खोली विकून आम्ही कांदिवलीला आलो तेव्हा टेम्पोत बाबा तो मांडीवर घेऊन बसले होते. हा शब्द लिहायचा अधिकार शाळेत दुसऱ्या कोणाला होता?

शुक्रवारी संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी निवांत फळा लिहिला. लिहिलं की पूर्वी विणकराचा माग बापाकडून मुलाकडे जात असे, म्हणून घरात चालत आलेल्या प्रत्येक वस्तूला पुढे एअरलूम म्हणू लागले. खाली लिहिलं की माझे वडील विणकर होते. रंगीत खडूने धोटाही काढला. तो होडीसारखा झाला, पण असू दे म्हटलं.

ती वह्या तपासत थांबली होती. जाता जाता तिने फळा वाचला, पुन्हा वाचला आणि स्टाफरूममध्ये आली. दुसरं कोणी नव्हतं. एक सांगू का, असं विचारून ती हळू आवाजात म्हणाली की लूम या शब्दाचा मूळचा अर्थ माग नाही. जुन्या इंग्रजीत लूम म्हणजे कुठलंही अवजार, घरात वापरायची कुठलीही वस्तू. ती घराबरोबर वारसाकडे जायची, म्हणून एअरलूम. विणायच्या अवजारापुरता तो शब्द नंतर उरला. पालक यायला अजून दोन दिवस आहेत, तोवर बदलता येईल, असंही तिने सुचवलं.

"माझ्या घरात धोटा आहे," मी म्हटलं. "लूम म्हणजे काय ते तू मला शिकवू नकोस."

तिचा चेहरा उतरेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. तिने विचारलं, "मला बघायला मिळेल? माझे आजोबाही गिरणीत होते." नाही म्हणायला मला कारण सुचेना. रविवारी ये म्हटलं.

घरी जाऊन कोश उघडला. ती म्हणत होती ते अक्षर न्‌ अक्षर बरोबर होतं. एकवीस वर्षांत कोश न उघडता मी एकही शब्द लिहिला नव्हता, आणि हाच तेवढा बापाच्या भरवशावर ठोकून दिला होता. गिरणी कामगाराच्या मुलीला लूम म्हटलं की साचाच दिसणार, असं मी स्वतःला समजावलं, पण अंगाचा तिळपापड काही थांबेना. ती गप्प बसली असती तर सोमवारी एखाद्या शिकलेल्या पालकाने सगळ्यांसमोर माझी चूक काढली असती आणि फळा आपोआप तिचा झाला असता. तिच्या जागी मी असते तर गप्प बसले असते. हे मला पक्कं ठाऊक होतं आणि तेच सगळ्यात जास्त झोंबत होतं.

रविवारी ती डझनभर केळी घेऊन आली. बाबा शहाऐंशी वर्षांचे आहेत, खिडकीशी बसून असतात, आल्यागेल्याशी फारसं बोलत नाहीत. गिरणी हा शब्द ऐकला आणि ते ताठ बसले. मला धोटा काढायला सांगितला, माझ्या शिवणाच्या डब्यातलं सूत मागितलं. कांडी आता नव्हतीच, म्हणून पेन्सिलीच्या तुकड्यावर सूत गुंडाळून ते खाचेत बसवलं. मग तिला जवळ स्टूल घ्यायला सांगून ते दाखवू लागले की कांडी संपली की साचा थांबवायचा, नवी भरायची, सुताचं टोक आतून भोकाशी आणायचं आणि बाहेरून धोट्याला तोंड लावून श्वास आत ओढायचा. सूत सर्रकन भोकातून बाहेर येतं. दिवसाला शेकडो वेळा हे करायचं. सुताचे तंतू छातीत जायचे, म्हणून विणकर खोकून खोकून हैराण व्हायचे.

मी ओट्याशी चहा करत होते आणि आतल्या आत जळत होते. हे त्यांनी मला कधी दाखवलं नव्हतं. भावाला एकदा शिकवायला बसले होते, तो पळून गेला. मी दारात उभी होते, तेव्हा मला म्हणाले होते की आईला मदत कर जा. चौपन्न वर्षांची झाले, त्या काचेच्या कपाटाची धूळ मीच पुसते, पण धोटा ओठांना लावून बघ असं मला कोणी म्हटलेलं नाही. आणि ही दोन बस बदलून आलेली बाई स्टुलावर बसून शिकत होती.

बाबांनी धोटा तिच्या हातात दिला. तिने तोंड लावलं, गाल आत गेले आणि सूत बाहेर आलं.

"जमला गो बाय," बाबा म्हणाले. "पयल्याच दमात."

मी चहा आणून ठेवला. बाबा खुशीत होते. त्यांनी तिला विचारलं की तुझा आजा कुठल्या खात्यात होता. ती साताऱ्याकडची, बौद्ध कुटुंबातली, हे मला माहीत होतं. कोण कुठलं ते स्टाफरूममध्ये पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना कळतं. बाबांना ठाऊक नव्हतं.

"रिंग खात्यात," ती म्हणाली. "सूत कातायला. तीस वर्षं. साळखात्यात पगार जास्त होता, त्यांना काम येत होतं, पण तिथं घेतलं नाही. का ते आम्हाला सांगायचे. म्हणून मला एकदा बघायचं होतं."

बाबांनी तिच्या हातातल्या धोट्याकडे पाहिलं. मला काही उमगलं नव्हतं. मग ते म्हणाले, "धोट्याक तोंड लावूचा लागता ना, म्हणान. एकाचो धोटो दुसऱ्याच्या तोंडाक लागतलो." खिडकीकडे तोंड वळवून म्हणाले, "साहेबाचो तेच्यात दोष नाय. आमीच नको म्हटलां."

तेव्हा मला समजलं. लहानपणापासून मी बाबांच्या साळखात्याचा मोठेपणा ऐकत आले होते, चांगला पगार, चाळीतला मान. त्या खात्याच्या दारात कोणाला अडवलं होतं, हे घरात कधी कोणी बोललं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

तिच्या हातातला धोटा भोकापाशी ओला होता. बाबांनी हात पुढे केला. मला वाटलं ते तो धोतराने पुसतील. त्यांनी सुताचं टोक पुन्हा आत सारलं, तिने लावलं होतं तिथेच तोंड लावलं आणि सूत ओढलं. शहाऐंशीव्या वर्षी दम पुरेना, तीनदा ओढावं लागलं. सूत बाहेर आल्यावर त्यांनी धोटा माझ्याकडे ठेवायला दिला आणि चहा मागितला.

मी तिला बस स्टॉपपर्यंत सोडायला गेले. माफी मागावी असं वाटत होतं, पण कसली आणि कोणाच्या वतीने, ते ठरत नव्हतं. शेवटी तोंडातून भलतंच निघालं. मी म्हटलं, "बाबांनी हे मला कधीच शिकवलं नाही गं."

तिने बस येते का ते पाहिलं. "बाई, तुम्हाला शिकवलं नाही," ती म्हणाली. "आम्हाला आत घेतलं नाही." आवाजात राग नव्हता. वर्गात एखाद्याचं उत्तर चुकलं की ती सांगते तसं सांगितलं.

घरी आले तर धोटा टेबलावरच होता. बाबांसमोर बसले आणि तोंड लावलं. सूत काही येईना. बाबा बघत होते. "ओढ, फुकू नको," एवढंच म्हणाले. पाचव्या वेळी आलं. जुन्या लाकडाची आणि तेलाची चव तोंडात राहिली.

सोमवारी मी सातला शाळेत गेले. शुक्रवारचा फळा पुसला आणि वरच्या अर्ध्या भागात नव्याने लिहिलं की लूम म्हणजे कुठलंही अवजार, आणि माझ्या वडिलांकडून मला धोटा मिळाला. खालचा अर्धा भाग कोरा ठेवला. ती आल्यावर खडू पुढे केला आणि म्हटलं, तुझं तू लिही. तिने वरचा माझा भाग वाचला. मग लिहिलं: 'माझे आजोबा गिरणीत सूत कातायचे. त्यांना विणायच्या खात्यात जाऊ दिलं नाही, कारण तिथं धोट्याला तोंड लावावं लागे. संध्याकाळी ते चाळीतल्या लोकांची पत्रं लिहून द्यायचे. मला त्यांचं अक्षर मिळालं.'

इतके महिने मी ज्या अक्षरावर जळत होते, त्याचा पत्ता मला असा लागला.

पालक आले. माझा भाग वाचून लोक मान हलवत पुढे जात होते आणि तिच्या चार ओळींपुढे थांबत होते. एक आजी कोणाकडून तरी त्या दोनदा वाचून घेत होत्या. मला तेव्हाही हेवा वाटला, खोटं कशाला सांगू. तिच्या ओळी माझ्यापेक्षा चांगल्या होत्या. मोठ्या बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी काही बोलायच्या आत मीच म्हटलं की उद्यापासून फळा तिच्याकडे. मोठ्या मनाने दिला असं कोणी समजू नये. माझ्याकडे तो ठेवायला कारणच उरलं नव्हतं.

दुपारची शेवटची घंटा झाली. नियमाप्रमाणे पुसायची वेळ झाली होती. मी स्टाफरूममधून डस्टर आणलं आणि तिच्या हातात दिलं. आजचं दोन दिवस राहू दे, असं सांगितलं. मग जिन्यात कोणी नाही हे पाहून म्हटलं, "तो कॉबवेब मी पुसला होता. पाणी वगैरे काही ठिबकत नव्हतं."

"माहीत आहे, बाई," ती म्हणाली. "त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तुमच्या पदराला गुलाबी खडू होता."